रोशनी व्हिडिओतली लग्नाची कॅसेट

सातपूर
रविवार, १३ फेब्रुवारी २००५

विहीणबाई वत्सलाबाई यांना कुसाबाईचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. कोणी मेलेलं नाही. आमचे हे बरे आहेत. रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात असतात, एवढंच काय ते दुखणं.

मी पत्र लिहिणारी बाई नाही. तिसरी झाली आणि बापाने म्हशी हातात दिल्या. हे पान लिहायला मला सकाळपासून बसावं लागलंय, भाजी दोनदा लागली. पण फोन केला की तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता वेदिकाच्या कानाला लावून देता. दहा वर्षांच्या नातीबरोबर मी किती बोलू? ती मला पाढे म्हणून दाखवते.

कारण सांगते. तुमच्या सुनीलचं आणि माझ्या ज्योत्स्नाचं इथे कॉलनीत घर झालं. २३ एप्रिलला, शनिवारी वास्तुशांत ठरली. शनिवारी कंपनीला सुट्टी. हे सगळं तुम्हाला माझ्या आधीच माहीत आहे. पण तुम्ही ज्योत्स्नाला म्हणालात म्हणे, "तुझी आई येणार असेल तर मी सायखेड्यातच बरी." पोरगी काल माझ्या ओट्यावर बसून रडली. मी म्हटलं, रडू नको, ओटा आत्ताच पुसलाय. ती गेल्यावर मला मात्र भाकरी गेली नाही.

नव्या घरात दूध उतू घालायला घरची मोठी बाई लागते. ती तुम्ही. तुमच्याशिवाय दूध उतू गेलं तर ते नुसतं सांडलेलं दूध, नंतर शेगडी घासायची.

आता अकरा वर्षांपूर्वीच्या त्या कॅसेटीचं एकदा होऊन जाऊ द्या. ती चूक व्हिडिओवाल्या हिरामणची. त्याच्या रोशनी व्हिडिओमध्ये पिक्चरच्या कव्हरात आपल्या पोरांच्या लग्नाची कॅसेट गेली आणि तीन आठवडे घरोघर फिरली. दुकान म्हटलं की असं होतं, अदलाबदल. लोकांनी मी बोललेलं ऐकलं. काय बोलले होते मी? जिलबीचं बोलले होते. तुमच्याकडून दीडशे माणसं सांगितली होती आणि दोनशे आली, तेव्हा मी म्हटलं, "वरमाईने सायखेड्याचा आख्खा बाजार ट्रकात भरून आणलाय, आणि स्वतः अशी जेवतेय की अकरा सोमवारांचे उपास आजच फेडते." चुलीपुढे बसलेली बाई काय अभंग म्हणणार?

ते रोशनी व्हिडिओ आता बंद होतंय. सगळे सीडी बघतात, केबल बघतात. दुकानच राहिलं नाही तर त्यावरचा राग कुठे ठेवणार? या.

तुमची विहीण
कुसाबाई


सातपूर
रविवार, ६ मार्च २००५

विहीणबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण वेदिका फोनवर म्हणाली, "सायखेड्याची आजी तुझं पत्र वाचताना एकदा हसली. मग कोणी बघितलं का ते बघितलं." नात म्हणजे घरातला सीआयडी. मी विचारलं, कुठल्या वाक्याला हसली? तिला सांगता आलं नाही. म्हणून आता सगळ्याच वाक्यांकडे लक्ष देऊन लिहिते.

तुम्ही रोशनी व्हिडिओ आतून कधी बघितलंच नाही. ज्या दुकानावर एवढा राग धरला ते निदान कसं होतं ते तरी ऐका.

पिठाच्या गिरणीला लागून होतं. मध्ये पत्र्याचीच भिंत. त्यामुळे प्रत्येक कॅसेटीवर पीठ. हिरो असो, व्हिलन असो, सगळे पांढरे. हिरामण दिवसभर फडकं मारायचा. हा हिरामण पेठकडच्या डोंगरातला. आधी आमच्या यांच्याबरोबर शिफ्ट करायचा, कंपनी बंद पडली तेव्हा हे दुसऱ्या कंपनीत लागले आणि त्याने दुकान टाकलं, पोरीचं नाव दिलं, रोशनी. आमची रीत अशी, गिरणीत दळण लावायचं आणि गहू दळून होईपर्यंत शेजारी कॅसेट निवडायची. ज्वारी असेल तर घाईत निवडावी लागायची, ज्वारी लवकर होते. चांगले पिक्चर आम्ही गव्हाच्या दिवशी आणले.

मला नावं वाचत बसायला वेळ लागतो, म्हणून मी चित्रावरून निवडायची. कव्हरावर बंदूक असेल तर आमच्या यांच्यासाठी. दोन बाया आणि मध्ये एक पुरुष असेल तर शेजारच्या नवसाबाईसाठी, तिला दुसऱ्याच्या घरातली भांडणं लागतात. आणि माझ्यासाठी मी हिरामणला एकच विचारायची.

"यात आई मरते का रे?"

"मरते, मावशी. पण इंटरवलच्या आधी. मंग पुढं लय मजा हाय."

"मग नको. मला रडायचं असलं तर मी घरी फुकट रडते."

एकदा तो खोटं बोलला. आई मरत नाही म्हणाला आणि ती बाई पहिल्या गाण्याआधीच खोकायला लागली. पिक्चरमध्ये बाई खोकली की संपलं. मी कॅसेट तशीच अर्धी बघून त्याच्या टेबलावर आपटली. म्हटलं, "तुझी आई अशी मेली असती तर तू पुढची गाणी बघत बसला असतास का?" चार गिऱ्हाइकं उभी होती. तेव्हापासून त्याने माझ्यासाठी वेगळा कप्पाच केला. ज्यात आई मरत नाही अशा कॅसेटी त्यात. मावशीचा कप्पा म्हणायचे सगळे. वर्षभर शोधून सात कॅसेटी जमल्या, आणि त्यातल्या दोनमध्ये आईच नव्हती.

शनिवारी सकाळी आमचे हे आणि हिरामण हातगाडीवर टीव्ही आणि व्हीसीआर गोधडीत बांधून आणायचे. गल्लीतल्या बाया आपापली चटई आणि निवडायचे तांदूळ घेऊन यायच्या. दहा ते एक पिक्चर. मला ते यंत्र लावायला यायचं, तुम्हाला खोटं वाटेल. लाल वायर कुठे, पिवळी कुठे, हे वाचावं लागत नाही. फितीचंही मला कळायला लागलं होतं. जिथे मारामारी किंवा नाच असेल तिथे पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज फाटायचा. कारण पोरं तेवढाच भाग मागे नेऊन नेऊन बघायची आणि फीत तिथे झिजायची. मुंग्या आल्या की आम्ही समजायचो, इथे काहीतरी बघण्यासारखं होतं, आपल्या आधी लोकांनी खाऊन टाकलं.

विहीणबाई, ते दिवस बरे होते. आत्ताचेही बरे आहेत, मी रडगाणं गात नाही. पण आता प्रत्येक घरात टीव्ही आहे आणि तांदूळ निवडलेलेच मिळतात, मग बाया एकमेकींकडे कशाला येतील?

तुम्ही तरी या. २३ एप्रिल.

कुसाबाई


सातपूर
रविवार, २० मार्च २००५

विहीणबाई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी. "जिलबीचं राहू द्या. शालूचं लिहा."

पोस्टमनने वाचून मग दिलं. म्हणाला, "आजी, शालू घेताय वाटतं." मी त्याला चहा दिला नाही.

बरं. लिहिते.

साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही आमच्या मागच्या खोलीत माझ्याबरोबर तांदूळ निवडत बसला होतात. वरमाई असून खाली बसलात म्हणून मला तेव्हाच तुम्ही आवडला होतात, पण मी बोलले नाही. आवडलेलं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत की गोदावरीचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटी बुडाली आणि तुमचा लग्नातला शालू आतल्या आत कुजला. लग्नात नेसायला जावेचा मागितलाय, धोंडाबाईंचा. हसत सांगितलंत. "तुमच्यापाशी बोलले विहीणबाई, पोटात ठेवा."

मी म्हटलं, "माझं पोट विहिरीसारखं आहे." विहिरीतलंही वर येतं, बादली सोडली की.

लग्नात तुम्ही मांडवात आलात तेव्हा नवसाबाई माझ्याजवळ होती. ती म्हणाली, "अगं, वरमाई बघ! तुझ्यापेक्षा किती उठून दिसते. शालू बघ तिचा." मी पहाटेपासून चुलीपाशी. माझ्या लुगड्याला पाकाचे हात. जिलबी कमी पडत होती, माणसं वाढत होती. आणि माझ्या पोरीच्या लग्नात माझ्यापेक्षा तुम्ही उठून दिसता, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "शालू कुठला तिचा? जावेचा मागून आणलाय. उद्या सकाळी घडी घालून परत."

मागे तो शूटिंगवाला दिवा धरून कढई टिपत होता. मला काय माहीत? मला वाटलं त्या यंत्रात फोटोसारखं चित्र जातं, फार तर तोंड हललेलं दिसतं. आवाजही जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हळू बोलले असते. बोलले नसते असं नाही म्हणत. हळू बोलले असते.

झालं का लिहून? नाही, अजून आहे. आता लिहायला बसलेच आहे तर सगळंच.

चूक हिरामणची नव्हती. माझी होती.

शूटिंगवाल्याने आधी कच्ची कॅसेट आणून दिली. म्हणाला, यात खरा आवाज आहे, बघून घ्या, काय कापायचं ते सांगा, मग वरून गाणी टाकतो. शनिवार होता, व्हीसीआर घरात होताच. गल्लीतल्या बाया यायच्या आधी मी एकटीनेच लावून बघितली. जिलबीपर्यंत आले आणि माझाच आवाज. अहो, किती चिरका आहे माझा आवाज! आणि त्या आवाजात ते वाक्य. मी बटण दाबून बंद केलं.

तेवढ्यात दारात ज्योत्स्ना आणि सुनीलराव. पहिल्यांदा माहेरी येत होते. आल्या आल्या जावई म्हणाले, "सासूबाई, लग्नाची कॅसेट आली का?" मी म्हटलं, "कुठची आली! तो मेला शूटिंगवाला नुसत्या तारखा देतोय." असं म्हणत म्हणत मी समोरच्या पिक्चरची कॅसेट काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसली आणि त्या पिक्चरच्या कव्हरात लग्नाची घातली. कव्हरावर नवरीच होती, म्हटलं कोणी उघडणार नाही. दुपारी निवांत काढून शूटिंगवाल्याकडे नेऊन ते वाक्य कापून घेऊ, असा माझा विचार. पिक्चरला आलेल्या बायांना दारातूनच परत पाठवलं, जावयाला पुरणपोळी वाढण्यात मी गुंतले आणि आमचे हे सुट्टी असून ओव्हरटाइमच्या सेकंड शिफ्टला जाताना जबाबदार माणसासारखे कव्हर उचलून दुकानात देऊन गेले. आयुष्यात एकदा या माणसाने न सांगता घरातलं काम केलं, ते हे. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं तोवर ती दुकानातून भाड्याने गेली होती, आणि मग बाया परस्परच एकमेकींना देत राहिल्या.

कव्हरावर नवरी, आत नवरी. पहिल्या बाईने अर्धा तास हिरोची वाट बघितली. मग म्हणाली, हिरोईन आपल्या ज्योत्स्नासारखी दिसते. मग कोणाला तरी माझा आवाज ओळखू आला. मग काय विचारता. एकेकाने मागे नेऊन नेऊन ऐकलं. आणि तुमचं नशीब असं, की तुमच्या धोंडाबाईंचा मुलगा इथेच कंपनीत, त्या त्याच्याकडे आलेल्या. त्यांनी स्वतःच्या शालूचं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि सायखेड्यात जाऊन घरोघर सांगितलं.

मी सगळ्यांना सांगितलं, हिरामणने घोळ केला. अकरा वर्षं हेच सांगतेय. पहिल्या पत्रात तुम्हालाही तेच लिहिलं.

मला माफी मागता येत नाही. तिसरीपर्यंत ते शिकवत नाहीत. पण तुम्ही पोटात ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि मी ठेवलं नाही, एवढं मला कळतं. ते तेव्हाही कळत होतं.

कुसाबाई

ताजा कलम. आमचे हे विचारतात, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, तुम्ही शिफ्टला जाताना काय करायचात त्याचा हिशोब.


सातपूर
रविवार, ३ एप्रिल २००५

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. यावेळी मी धरूनही नव्हते. पण एक गोष्ट झाली आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

तुम्हाला लिहून झाल्यावर मला वाटलं, खरं सांगायचं तर ज्याच्यावर आळ घातला त्यालाही सांगावं. गेले रोशनी व्हिडिओमध्ये. हिरामण कॅसेटी पोत्यात भरत होता. मी दारातूनच म्हटलं, "हिरामण, ती लग्नाची कॅसेट मी घातली होती रे कव्हरात."

तो म्हणाला, "मला ठाव हाय, मावशी."

"कधीपासून?"

"तवाच. पिक्चरची कॅसेट तुम्ही माघारी आणली ना, तिच्या भोकातून तुरीची डाळ पडली. आमच्या दुकानात पीठ असतंय, डाळ नसती."

"मग बोलला का नाहीस? अकरा वर्षं लोक तुला हसले."

"तुमच्या तोंडाला कोण लागंल? आन् तुम्ही आठवड्याला तीन पिक्चर नेत व्हत्या."

मग त्याने खालच्या फळीवरून मावशीचा कप्पा काढला. सात कॅसेटी, आणि मागे आठवी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणाला, "ही तुमची. कोनाला दिली नाय परत. टाकू पन नाय वाटली, लगीन हाय शेवटी." सोबत जुना व्हीसीआरही दिला. मी दोन बरण्या लोणचं दिलं. तो म्हणाला एकच बस, मी म्हटलं गप बस, दुसरी रोशनीला.

काल शनिवारी सकाळी मी एकटीने यंत्र लावलं. वायरी अजून लावता येतात मला. आमच्या यांना भाजीला पाठवलं आणि सुरू केली.

विहीणबाई, जिलबीची कढई आली आणि सगळ्या पडद्यावर मुंग्या. मी दिसतच नाही. नुसता पांढरा पाऊस आणि आवाज असा फाटलेला की काही कळत नाही. खर्र खर्र आणि मध्येच "शा" आणि मग "घडी". लोकांनी ते एवढं मागे नेऊन नेऊन ऐकलं की फितीवर राहिलंच नाही. अकरा वर्षं ज्या वाक्यावरून आपण बोलत नाही, ते वाक्य आता कुठेच नाही. मी यंत्राचं तोंड पुसलं, परत लावली. तेच.

मग पुढे आहेर. दीड तास आहेर. हा टोपी देतो, तो पातेलं देतो, शूटिंगवाला प्रत्येक पातेलं दाखवतो. आता कळलं, यापुढे ही कॅसेट कोणीच का बघितली नाही. दुसऱ्याचे आहेर बघत कोण बसतं? मी स्वतः बघितली नव्हती. पण काल मी बसले. मटार सोलायचा होता.

आहेर संपले आणि पाठवणी आली. एकदम स्वच्छ. एक मुंगी नाही. जणू आत्ता काढलंय. कोणी हातच लावला नव्हता त्या भागाला.

ज्योत्स्ना जीपजवळ उभी आहे. रडतेय आणि नाक वाहतंय, आमच्या घराण्यात रडलं की नाक आधी वाहतं. काजळ गालावर उतरलंय. तिच्याजवळ कोणी नाही. मी कुठे आहे? मी मागे दिसते, लांब, भांडीवाल्याशी हात नाचवून भांडतेय. एक पळी कमी होती. माझी पोरगी जीपजवळ रडतेय आणि मी पळीसाठी भांडतेय. ती पळी नंतर त्याच्याच टोपलीत सापडली.

आणि तुम्ही येता. तुम्ही तिचं तोंड बघता. मग पदर हातात घेता आणि थांबता. जराच थांबता, पदराच्या जरीकडे बघता. मला कळलं तुम्ही का थांबलात. जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं, कारण ते तुम्ही फक्त मला सांगितलं होतं. तो पदर तुमचा नव्हता.

आणि त्याच पदराने तुम्ही तिचं नाक पुसलं. काजळसुद्धा. मोठा काळा डाग पडला, स्पष्ट दिसतो. आणि तुम्ही काय म्हणालात ते स्वच्छ ऐकू येतं. "रडतेस काय गं? आईच्या तोंडातून सुटलीस म्हणून पेढे वाट!"

आणि माझी पोरगी हसली. त्या नाकावर, त्या काजळावर, जीपजवळ उभी राहून हसली.

मी ते मागे नेऊन परत बघितलं. दोनदा. मग बंद केलं, म्हटलं झिजेल.

विहीणबाई, धोंडाबाई तुमच्याशी बोलायच्या बंद का झाल्या ते मला आता समजलं. मला इतकी वर्षं वाटायचं माझ्या वाक्यामुळे. तो डाग पण होता तर. तुम्ही कोणाला बोलला नाहीत की तो डाग माझ्या पोरीच्या नाकाचा आहे. तुमचं पोट खरं विहिरीसारखं.

आणि माझ्या तोंडाबद्दल बोललात ते मी ऐकलं आहे. लग्नाच्या दिवशी, माझ्या मागे, मला नाही ती नावं ठेवलीत. याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! एवढी वर्षं मी एकटीच वाईट होते.

२३ एप्रिलला तुम्ही यावं. मी असले तर तुम्ही येत नसाल, तर मी येत नाही, घरी मटार सोलते. पण दूध तुमच्या हाताने उतू जाऊ द्या. ज्योत्स्नाने दोन नवीन पातेली आणली आहेत, एक तुमच्यासाठी आणि एक माझ्यासाठी म्हणे. मी तिला सांगितलंय, एक परत कर. अजून केलेलं नाही तिने. तिला तिच्या आईचं ऐकायची सवय नाही, आणि ती सवय तुम्हीच जीपजवळ मोडलीत.

कुसाबाई


सातपूर
रविवार, १ मे २००५

विहीणबाई,

सुखरूप पोचलात हे ज्योत्स्नाने सांगितलं. टेम्पोत पुढे बसलात ना? मागे बसला असाल तर कंबर धरली असेल, आणि मग म्हणाल सातपूरचे रस्ते वाईट.

घर आता घरासारखं दिसतं. दूध तुमच्या पातेल्यातलं आधी उतू गेलं, ते मी बघितलं. तुम्ही गॅस मोठा केला होता, तेही मी बघितलं. चालायचंच, मोठा मान तुमचा. नवसाबाई अजून विचारते, दोघी विहिणी शेगडीपाशी एवढ्या काय हसत होत्या? मी सांगितलं नाही. पोटात ठेवलं. मला जमतं आता.

पंगतीत तुम्ही मला जिलबी वाढलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मोजून घ्या विहीणबाई, आज माणसं जास्त आलीत." चाळीस माणसं ऐकत होती. मी चार खाल्ल्या. अकरा सोमवारांचे उपास होते माझे.

तुमची साडी छान होती. कोणाची ते मी विचारलं नाही. खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं.

वेदिका आता मागे लागली आहे, "आजी, त्या कॅसेटीची सीडी करून घेऊ, मग सगळ्यांना बघता येईल, झिजणार पण नाही." मी म्हटलं, खबरदार. एकदा सगळ्यांनी बघून झालंय, पुरे.

पण मी तिला सांगितलं नाही की कॅसेट माझ्याकडे नाहीच. तुम्हाला वाटलं मला कळलं नाही? मी वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या हातात दिली, म्हटलं बघून घ्या, शेवटचा भाग बघा. तुम्ही म्हणालात बघू, आणि जाताना ती तुमच्या पिशवीत, पापडांच्या खाली. मी बघत होते. तुमचाच पदर आहे त्यात, धोंडाबाईंचा असला तरी. ठेवा.

फक्त एक विसरलात. सायखेड्यात आता कोणाकडे व्हीसीआर नाही, मी सुनीलरावांना विचारून घेतलं. यंत्र माझ्या घरी आहे. हिरामण येऊन आतून साफ करून गेला, वायरी लावून ठेवल्यात.

तेव्हा येताना कॅसेट आणा. शनिवारी या, सकाळी. आणि तांदूळ आणा निवडायला, बाजारात निवडलेलेच मिळतात ते नकोत. आहेरांचा दीड तास आहे, हाताला काहीतरी काम हवं.

तुमची
कुसाबाई